अंगणवाडी, १४ महिन्यांचा वापर: सगळं ठीक, पण बारदान वजा करा

आधी सांगतो, माझं किराणा दुकान आहे, त्यामुळे खाली वजनकाट्यावर जरा जास्तच लिहिलं गेलंय (बारदान म्हणजे माल ज्यात भरतात ते पोतं, त्याचं वजन मालातून वजा करायचं असतं). ज्यांना फक्त "पोरगं घालू का नको" एवढंच हवंय त्यांनी घालावं, विषय संपला. बाकीच्यांनी वाचा.

मुलगी जून २०२४ ला तीन वर्षाची झाली आणि तेव्हा आमच्याकडे दोन ऑप्शन होते. तालुक्याच्या गावाला इंग्लिश मीडियमची नर्सरी, फी २२ हजार, व्हॅनचे महिन्याला ९०० वेगळे, युनिफॉर्म त्यांच्याकडूनच घ्यायचा. नाहीतर घरापासून दीडशे पावलांवरची अंगणवाडी, फी शून्य आणि वर खाऊ. बायको नर्सरीच्या बाजूची होती, मी २२ हजार वाचवायच्या बाजूचा. मी जिंकलो, पण त्याचे टोमणे अजून ऐकतोय.

पहिला महिना झकास. ताई (अंगणवाडी सेविका) चांगल्या आहेत, गाणी घेतात, मावशी (मदतनीस) पोरांना घरून उचलून आणतात, रडणाऱ्याला कडेवर घेतात. मग जुलै उजाडला, लाडकी बहीण आली आणि ताई गायब. म्हणजे तिथंच होत्या पण दाराबाहेर बायकांची लाइन, टेबलावर फॉर्मचा ढीग, आणि पोरं मावशींच्या भरवशावर. फॉर्ममागे ५० रुपये जाहीर झाले होते, ते कधी मिळाले हे मी ताईंना विचारलं तर त्या नुसत्या हसल्या. त्या दीड-दोन महिन्यात शिकणं झालं नाही. यात ताईंची चूक काढणार नाही, गावात कुठलाही सर्व्हे आला की पहिला फोन अंगणवाडीलाच जातो.

खाऊबद्दल. तीन ते सहा वर्षाच्या पोराला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रोटीन द्यायचं असं कागदावर आहे, आणि त्याला २०१७ साली ठरवलेला दर पोरामागे दिवसाला ८ रुपये. आठ रुपयात माझ्या दुकानात एक अंडं येतं आणि उरलेल्या रुपयाचं चॉकलेट. तरी बचत गटाच्या बायका खिचडी, मटकीची उसळ, लापशी असं फिरवून फिरवून देतात आणि गरम देतात. मुलगी घरी मटकी बघून तोंड फिरवायची ती तिथं वाटी चाटून खाते, हे मी खिडकीतून दोनदा बघितलंय. धाकटा आता आठ महिन्यांचा आहे, त्याला घरी न्यायची पाकिटं मिळतात, त्याच्याबद्दल न बोललेलं बरं, आमच्या गल्लीतल्या दोन म्हशी त्यावर चांगल्या पोसल्यात. आणि १ जुलै २०२५ पासून त्या पाकिटासाठी बायकोचा चेहरा मोबाईलला दाखवावा लागतो. रेंज नसली की ताई, बायको आणि बाळ तिघं देवळाच्या पायऱ्यांवर उभे. असो.

आता मुख्य मुद्दा.

डिसेंबरात मुलीला खोकला झाला म्हणून तालुक्याला डॉक्टरकडे नेली. त्यांनी काट्यावर उभी केली, ११ किलो ४००. मी म्हणलं डॉक्टर काटा बघा तुमचा, चारच दिवसापूर्वी अंगणवाडीत १२ किलो १०० भरलीय. ते म्हणाले माझा बरोबर आहे. चार दिवसात ७०० ग्रॅम गेले म्हणून बायको तिथंच रडायला लागली. घरी येऊन मी पहिलं काम काय केलं तर दुकानातल्या पोत्याच्या प्लॅटफॉर्म काट्यावर पोरगी उभी केली. ११ किलो ४००. माझ्या काट्याचं दरवर्षी पासिंग होतं, शिक्का आहे. साखरेत थोडं इकडंतिकडं झालं तर इन्स्पेक्टर मला सोडत नाही, आणि इथं जिवंत पोरात ७०० ग्रॅमचा फरक आणि शिक्का कुठाय तर नाही. डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत गेलो. उभं राहायचा इलेक्ट्रॉनिक काटा होता पण त्याचे सेल संपले होते आणि सेलला पैसे नाहीत, म्हणून माळ्यावरचा जुना टांगायचा काटा काढला होता, तो गोल तबकडीचा, खाली झोळी आणि त्यात पोरगं लटकवायचं. साडेतीन वर्षाची मुलं त्यात किंचाळतात, काटा हलत राहतो आणि मधला कुठलातरी आकडा लिहिला जातो. मी ताईंना म्हणलं काटा बिघडलाय, त्या म्हणाल्या मी काय करू, वर कळवलंय. मग सुपरवायझर मॅडमना फोन लावला. त्यांचं उत्तर शब्दशः असं: "तुमची मुलगी हिरव्यात आहे ना, मग तुम्हाला काय त्रास आहे?"

(हिरव्यात म्हणजे वाढीच्या तक्त्यावर वजन वयाला पुरेसं, कमी भरलं की पिवळ्यात.) हे वाक्य मी बरेच दिवस चघळलं. दुकानदाराचा काटा गिऱ्हाईकाला कमी देणारा असला की गाव पेटतं. जास्त दाखवणाऱ्या काट्याची तक्रार कोण करणार? आई खूश, ताई खूश, वरचे साहेब खूश, मोबाईलमधला पोषण ट्रॅकर, म्हणजे ताई वजनं भरतात ते सरकारी ॲप, तेसुद्धा खूश. साडेतीन वर्षाच्या मुलीला हिरव्यात राहायला साधारण ११ किलो ६०० लागतात, त्याखाली पिवळा. म्हणजे १२.१ ला माझी मुलगी हिरवी आणि ११.४ ला पिवळी.

मी हट्टाला पेटलो. दुकानातली शिक्क्याची वजनं घेऊन गेलो, पाच किलोचं एक आणि दोन किलोचं एक. झोळी काढली, हुकाला पाच किलो लावलं, काटा पाचवर. दोन जोडलं, बरोबर सातवर. परत केलं, परत सात. ताई माझ्याकडे बघतायत, मावशी माझ्याकडे बघतायत, मी घामाघूम.

तर इथं मला माझं मत बदलायला लागलं, आणि ज्या काट्याला मी गावभर शिव्या घातल्या त्याची माफी मागतो. काटा चोख होता. मग झोळी उचलली तर हाताला जड लागली. मूळची पातळ चड्डीसारखी झोळी उंदरांनी खाल्ली होती म्हणून मावशींनी गोणपाटाला जुन्या सतरंजीचं अस्तर लावून, वर लोखंडी कडी घालून नवीन शिवली होती, मजबूत, पोरगं पडायला नको म्हणून. माझ्या काट्यावर ती भरली ४५० ग्रॅम. झोळी लावल्यावर काटा शून्यावर आणायचा स्क्रू असतो, तो गंजून बसलेला. उरलेले अडीचशे म्हणजे स्वेटर आणि बूट, थंडी होती ना.

थोडक्यात बारदान वजा केलं नव्हतं! आमच्या धंद्यात पोरगा पहिल्या दिवशी हे शिकतो, पोत्यासकट वजन करून शेंगदाण्याचे पैसे घेतले तर लोक दुकान फोडतील.

स्क्रूला खोबरेल तेल घालून रात्रभर ठेवला, सकाळी फिरला. मग ताईंनी सगळी २३ पोरं परत मोजली, स्वेटर काढून. पिवळ्यात आधी दोन होती ती सहा झाली. ताईंचा चेहरा पडला, कारण आता वरून विचारणार की एका महिन्यात चार कशी वाढली, आणि "झोळी जड होती" हे उत्तर भरायला ॲपमध्ये रकाना नाही. तरी त्यांनी खरे आकडे भरले, हे मी लिहून ठेवतोय कारण न भरणंच सोपं होतं. बोलणी खाल्ली त्यांनी. मी मॅडमना परत फोन करून झोळीचं सांगितलं तर त्यांनी ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाल्या, एवढंच.

आता माझी फजिती. सहापैकी एक माझी. गावात बातमी काय गेली तर दुकानदाराची पोरगी कुपोषित, भरल्या दुकानात. माझ्या आईने आठ दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं. ताई घरी आल्या, पट्टीने दंडघेर मोजला, उंची घेतली, म्हणाल्या घाबरू नका, दंडघेर हिरव्यात आहे, उंचीच्या मानाने वजन ठीक आहे, वयाच्या मानाने कमी पडतंय, पण दिवसभर खाते काय ते सांगा. मी म्हणलं सगळं खाते. ताई म्हणाल्या, "भाऊ, ती अकराला माझ्याकडे येते तेव्हा तिच्या तोंडाला क्रीमचं बिस्कीट लागलेलं असतं, आणि घरी गेली की परत गल्ल्याजवळ बसते." मला राग आला. मग दोन दिवस मोजलं. पाच रुपयाचे तीन पुडे आणि एक कुरकुऱ्याचं पाकीट, रोज, माझ्याच काउंटरवरून, आणि मीच देत होतो गप्प बसावी म्हणून. जेवणाला भूक कुठून राहणार.

बिस्किटाची बरणी वरच्या फळीवर गेली, पहिले पाच दिवस दुकानात जे रडणं झालं त्याने दोन गिऱ्हाईकं परत गेली. रोज एक अंडं, शेंगदाण्याचा लाडू, वरणभातावर तूप. जून २०२५ ला चार वर्षाची झाली तेव्हा १२ किलो ७००, त्या वयाची रेघ १२.३ ला आहे. हिरवी. बारदान वजा जाता.

शिकण्याबद्दल बायकोची तक्रार अशी की नर्सरीतली पोरं ए फॉर ॲपल म्हणतात आणि आपली काय करते. आपली डाळी निवडते. खरंच, अंगणवाडीत चवळी, हरभरा, मटकी, चिंचोके मिसळून देतात आणि वेगळे करायला लावतात, लहानमोठं, कमीजास्त, रंग. माझी आत्या जुनी बालवाडीवाली, ती म्हणते हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांचं, १९४५ साली बोर्डीला सुरू केलं तेव्हा महागडी साधनं परवडत नव्हती म्हणून शिंपले, बिया, पानं घेतली, आणि पोरं येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, तिथून हे अंगणवाडी नाव. सरकारी योजना पुढे १९७५ ला आली. मला एवढंच कळतं की मुलगी परवा दुकानात म्हणाली "बाबा, यात दोन चवळ्या आल्यात", आणि मटकीच्या पोत्यात खरंच भेसळ निघाली. व्यापाऱ्याला फोन केला. २२ हजाराच्या नर्सरीत हे शिकवत असतील तर सांगा.

खोली एकच, पावसात एका कोपऱ्यात गळते, संडासाला कुलूप आणि चावी कुणाकडे ते माहीत नाही. ज्यांना दिवसभर पोरगं सांभाळायला हवंय त्यांचं इथं जमणार नाही, दुपारी घरी. आमचं दुकान घरालाच असल्यामुळे भागतं.

इलेक्ट्रॉनिक काट्याचे सेल आता मी देतो, महिन्यात एक जोडी लागते. पण थंडीत तो कधी कधी चालू होत नाही म्हणून टांगता काटा ठेवलाय. त्याच्या झोळीवर मी मार्करने मोठ्या अक्षरात ४५० लिहिलं होतं, स्क्रू परत अडकला तर वजा करायला. परवा मावशींनी झोळी धुतली, आकडा गेला. मावशी म्हणतात वर अजून एक पट्टी शिवलीय, फाटत होती. म्हणजे आता ४५० पण राहिले नसणार. सोमवारी काटा घेऊन जायचंय.