बंद कंटेनरमधून पाठवलेली गाडी २८५ किलोमीटर धावून आली: पुणे ते चेन्नई वाहतुकीचा अनुभव

पुण्यात ताब्यात देताना आमच्या स्विफ्टच्या ओडोमीटरवर ४१,३८६ हा आकडा होता आणि चेन्नईत ती दारात आली तेव्हा तो ४१,६७१ झाला होता. बंद कंटेनरमधून नेण्याचे पूर्ण भाडे घेतल्यावर गाडी स्वतःच्या चाकांवर २८५ किलोमीटर चालली कशी, हा प्रश्न मी त्याच सकाळी विचारला आणि त्याचे सरळ उत्तर लेखी मिळायला काही महिने जावे लागले. गाडीला ओरखडा नव्हता, काच शाबूत होती, आतले कापडही स्वच्छ होते. तरीही हा अनुभव मी चांगला म्हणू शकत नाही, कारण पैसे गाडी वाहून नेण्याचे घेतले होते, चालवत नेण्याचे नव्हे.

यजमानांची चेन्नईला बदली झाली तेव्हा गाडी आपणच चालवत न्यावी असा पहिला विचार होता. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळुरू, कृष्णगिरी, वेल्लूर असा राष्ट्रीय महामार्ग ४८ सरळ चेन्नईला जातो आणि अंतर सुमारे १,२०० किलोमीटर आहे. पेट्रोल, टोल आणि एका रात्रीचा मुक्काम धरूनही तो खर्च ट्रकच्या भाड्यापेक्षा कमीच आला असता. पण सासूबाईंच्या गुडघ्यांना दोन दिवस गाडीत बसणे झेपणारे नव्हते, सुट्टीही मोजकी होती, म्हणून आम्ही सगळे रेल्वेने आलो आणि गाडी कॅरिअरने पाठवायचे ठरले. उघड्या दुमजली ट्रेलरचा दर १५,५०० रुपये आणि बंद कंटेनरचा १९,००० रुपये सांगण्यात आला. नव्या रंगाच्या गाडीवर वाटेत खडी उडू नये एवढ्यासाठी साडेतीन हजार जास्त मोजून मी बंद कंटेनर निवडला.

या मार्गावर गाड्या नेणारे ट्रेलर भरपूर असतात आणि त्याचे कारण दोन्ही टोकांना आहे. चाकण आणि पिंपरीच्या कारखान्यांतल्या नव्या गाड्या दक्षिणेकडे जातात, तर श्रीपेरुंबुदूर आणि ओरगडमच्या पट्ट्यातल्या नव्या गाड्या उत्तरेकडे येतात. कॅरिअरवर एखादी जागा रिकामी राहिली की आपल्यासारख्यांची वापरलेली गाडी तिथे चढवली जाते. त्यामुळे दर बरा मिळतो, पण त्याच कारणाने आपली गाडी त्या फेरीतली सर्वांत दुय्यम गाडी ठरते. बाकीच्या गाड्या जिकडे जायच्या असतात तिकडे ट्रक वळतो आणि आपल्या गाडीचे काय करायचे ते वाटेत ठरवले जाते. आमच्या बाबतीत नेमके हेच घडले.

गाडी चढवण्याच्या कामाबद्दल मात्र चांगलेच लिहिले पाहिजे. आमच्या घरापासून निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरपर्यंत, म्हणजे २२ किलोमीटर, त्यांचा माणूस गाडी चालवत घेऊन जाणार हे आधीच ठरले होते, म्हणून मी स्कूटरवरून मागोमाग गेले. तिथल्या माणसांनी रॅम्पच्या सुरुवातीला दोन फळ्या टाकून चढ कमी केला, एकाने खाली वाकून पुढच्या बंपरची कड टेकत नाही ना हे पाहिले आणि मगच गाडी आत घेतली. चारही चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे बसवले आणि रॅचेटचे पट्टे टायरवरून घेऊन तळाच्या कड्यांना ताणले. पट्टा टायरवरून गेला पाहिजे, कारण तो सस्पेन्शनच्या खालच्या आर्मला किंवा ॲक्सलला बांधला तर शेकडो किलोमीटरच्या हिसक्यांचा ताण थेट त्या भागांवर येतो आणि व्हील अलाइनमेंट बिघडू शकते. पाव टाकी पेट्रोल, गाडीत कोणतेही सामान नाही आणि एकच किल्ली ताब्यात, हे नियमही त्यांनी नीट पाळून घेतले. फास्टॅग काढून ठेवू का असे मी विचारले, तेव्हा बंद पत्र्याच्या कंटेनरमध्ये टॅग वाचला जात नाही, राहू द्या, असे त्यांच्या पर्यवेक्षकानेच सांगितले. ते बरोबरही होते. उघड्या ट्रेलरवरच्या गाड्यांचा टोल टॅगमधून कापला गेल्याच्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण बंद कंटेनरमध्ये तसे होण्याचे कारण नव्हते.

म्हणूनच पहाटे मोबाइलवर वाणियंबाडी टोलनाक्याचा संदेश आला तेव्हा मी चक्रावले. थोड्या वेळाने पल्लिकोंडा नाक्याचा आला आणि मग श्रीपेरुंबुदूरच्या बाजूचे दोन. चारही वेळा मोटारीचा टोल कापला गेला होता. त्या वेळी कंपनीच्या ट्रॅकिंगमध्ये गाडी होसूरजवळ कंटेनरमध्ये उभी दिसत होती. म्हणजे ट्रॅकिंग ट्रकचे होते, गाडीचे नव्हते, आणि गाडी ट्रकच्या बाहेर होती. दुपारी गाडी दारात आली तेव्हा पुढच्या जाळीत, दिव्यांवर आणि नंबरप्लेटवर चिरडलेले किडे चिकटलेले होते, चालकाचे आसन मागे सरकवलेले होते आणि दाराच्या खणात आंबूरच्या पेट्रोल पंपाची पावती होती.

गाडी घेऊन आलेला मुलगा पंचविशीतला असावा. त्याने काहीही लपवले नाही. कंटेनरमधल्या बाकीच्या गाड्या कोइंबतूर आणि कोचीच्या होत्या. कृष्णगिरीहून सेलमकडचा रस्ता आणि चेन्नईकडचा रस्ता वेगळे होतात, एका गाडीसाठी ट्रक चेन्नईपर्यंत न्यायला मालक तयार नव्हता, म्हणून कृष्णगिरीच्या अलीकडे गाडी उतरवून त्याला रात्री एकट्याने पुढे पाठवले होते. आदल्या दिवसापासून त्याची झोप झालेली नव्हती. सासूबाईंनी त्याला आधी जेवायला बसवले आणि मग मी पोचपावतीवर दोन्ही रीडिंग, चार टोलची रक्कम आणि ‘गाडी रस्त्याने चालवत आणली’ हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहून त्याची सही घेतली. त्या पावतीचा पुढे फार उपयोग झाला.

कंपनीला फोन केल्यावर पुण्याचा व्यवस्थापक म्हणाला, “मॅडम, गाडी सुखरूप पोहोचली ना? मग अडचण काय आहे?” अडचण मोठी आहे आणि ती भाड्याच्या हिशेबापुरती नाही. कंटेनरमधली गाडी हा माल असतो आणि त्याची जबाबदारी वाहतूकदारावर असते. तीच गाडी रस्त्यावर चालू लागली की ते माझ्या नावावर नोंदलेले वाहन होते. रात्रभर न झोपलेल्या चालकाने वेल्लूरजवळ कोणाला धडक दिली असती, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मालक म्हणून माझे नाव आणि माझी विमा कंपनी उभी राहिली असती. वेगमर्यादा ओलांडल्याचे ई-चलनही माझ्याच नावावर आले असते. एवढा बदल मला न विचारता केला गेला, याचा राग मला आजही आहे.

नंतरच्या महिन्यांत काही मते मात्र बदलली. पहिल्या आठवड्यात मला प्रत्येक आवाज संशयास्पद वाटत होता आणि कंपनीकडून सस्पेन्शनच्या तपासणीचा खर्चही मागायचा माझा विचार होता. चेन्नईतल्या पहिल्या सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर घेऊन खालचे प्लॅस्टिकचे आवरण, बंपरची आतली कड आणि पट्टे बांधण्याच्या जागा मी स्वतः वाकून पाहिल्या. कुठेही खरवडल्याची खूण नव्हती, अलाइनमेंटच्या कागदावर सगळे आकडे मर्यादेत होते आणि टायर आजही सारखे झिजत आहेत. ती मागणी मी सोडून दिली. निगडीच्या माणसांनी काम चोख केले होते आणि त्या मुलाने गाडी जपून चालवली होती. दोष होता तो ज्याने फोनवरून गाडी उतरवायला सांगितली त्याचा.

विम्याबाबतही माझे मत पार बदलले. बुकिंगच्या वेळी ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ म्हणून गाडीच्या घोषित किमतीच्या दीड टक्का रक्कम मागितली गेली होती, म्हणजे ५,२०,००० रुपयांवर ७,८०० रुपये. मी पॉलिसी क्रमांक मागितला तर तो कोणी देईना, म्हणून ती रक्कम मी दिली नाही आणि त्या वेळी मनात धास्ती होती. नंतर आपल्या नेहमीच्या सर्वंकष मोटार पॉलिसीतले कलम नीट वाचले. रस्ता, रेल्वे, अंतर्देशीय जलमार्ग, लिफ्ट किंवा विमान यांतून वाहन नेले जात असताना होणारे नुकसान त्यात स्पष्टपणे समाविष्ट आहे. दावा केला तर नो क्लेम बोनस जातो, आणि झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापण्याचे जादा संरक्षण, घेतलेले नसेल तर प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापला जातो, हे खरे. पण संरक्षण असतेच. विमा कंपनीच्या नावाची पॉलिसी हातात येत नसेल तर ते ७,८०० रुपये म्हणजे पावतीवरची एक ओळ आहे, दुसरे काही नाही.

ई-वे बिलाच्या, म्हणजे माल वाहून नेताना जीएसटीखाली काढाव्या लागणाऱ्या ऑनलाइन परवान्याच्या, नावाखालीही काही रक्कम मागितली होती. वापरलेल्या वैयक्तिक आणि घरगुती वस्तूंना जीएसटी नियम १३८ च्या परिशिष्टात सूट आहे, हे दाखवल्यावर तो विषय तिथेच संपला.

भाडे परत मिळवण्याची गोष्ट लांबली, कारण बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराने दिलेल्या मालाच्या पावतीवर, भलतेच नाव होते. बुकिंग एका कंपनीने घेतले, ट्रक दुसऱ्याचा होता आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवत होते. अशा वेळी उपयोगी पडणारा कायदा म्हणजे रस्ते मालवाहतूक कायदा, २००७. त्यानुसार माल वाहून नेणाऱ्याकडे नोंदणी असावी लागते आणि त्याने मालाची पावती द्यावी लागते. माल हरवला किंवा खराब झाला तर दावा लावण्यापूर्वी बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर हक्क जातो. शिवाय पाठवणाऱ्याने जास्त किंमत लिहून दिली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित असते. १९,००० रुपये भाडे असेल तर सव्वापाच लाखांच्या गाडीमागे जास्तीत जास्त १,९०,००० रुपये! बिल्टीवरचा किमतीचा रकाना रिकामा का सोडू नये, हे एवढ्यावरून कळेल.

आमच्या गाडीचे नुकसान झाले नव्हते, त्यामुळे माझी तक्रार सेवेतील त्रुटीची होती. घर ते निगडी हे ठरलेले २२ किलोमीटर वजा केले की २६३ उरतात. १,२०० किलोमीटरच्या भाड्यात त्यांचा वाटा सुमारे २२ टक्के, म्हणजे ४,१८० रुपये. तेवढे आणि चार टोल मी मागितले. आधी सदिच्छा म्हणून दीड हजार देऊ केले गेले, ते मी नाकारले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, म्हणजे मला पुण्याला जाण्याची गरज नव्हती. हे नोटिशीत लिहिले, सोबत पोचपावती, टोलचे संदेश आणि आंबूरची पावती जोडली आणि दोन्ही कंपन्यांना रजिस्टर पोस्टाने पाठवले. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली होती.

नोटीस पोहोचल्यावर बुकिंग घेणाऱ्या कंपनीने ४,१८० रुपये खात्यावर जमा केले आणि गाडी मालकाच्या संमतीशिवाय रस्त्याने नेली गेली हे पत्रात मान्य केले. टोलचे पैसे अजून आलेले नाहीत. ट्रकच्या मालकाने नोटीस घेतली, पण उत्तर दिले नाही.

आता परिवहन कार्यालयाचे काम चालू आहे. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठी पुण्याचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे अर्ज क्रमांक २८, लागते. गाडी पाठवण्यापूर्वीच ते काढून घेणे सोयीचे, आणि कर्ज असेल तर बँकेचे पत्र आधी मिळवावे. यजमानांच्या कार्यालयातले एक सहकारी याच कंपनीकडून चेन्नईहून पुण्याला गाडी पाठवत आहेत. त्यांनी बिल्टीवर कंटेनरचा क्रमांक, गाडीची किंमत आणि ‘वाटेत उतरवल्यास पूर्ण भाडे परत’ ही अट लिहून घेतली आणि तीस टक्के रक्कम गाडी पुण्यात मिळाल्यावर देण्याचे ठरवले. कंपनीने ते मान्य केले. मी बुकिंगच्या वेळी हीच रक्कम राखून ठेवण्याची मागणी केली तेव्हा त्यांनी तसा नियम नसल्याचे सांगितले होते, हे इथे नोंदवून ठेवते.