सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत जाळीच्या खिडक्या : काम चांगलं, पण ब्रश लावून घ्या

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रस पट्ट्यात. मागच्या भिंतीला लागूनच सोयाबीन, त्यात तुरीची तासं, आणि धुऱ्यापलीकडं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. पोळा झाला की दिवाळी उलटेपर्यंत संध्याकाळी लाइट लावायची सोय राहत नाही. हिरवे ढेकूण खिडकीतून येतात, कणकेत पडतात, पोरांच्या वहीवर बसतात. वरणात एखादा शिजला तर अख्खं गंज ओतून द्यावं लागतं. म्हणून यंदा तालुक्याच्या गावातल्या अॅल्युमिनियम सेक्शनवाल्याकडून सगळ्या खिडक्यांना जाळी बसवून घेतली. ज्यांचं घर आमच्यासारखं वावराला चिकटून आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते.

आधी किडा ओळखा, कारण सगळ्यांवर जाळी हा उपाय नाही. हिरवा ढेकूण साधारण दीड सेंटिमीटरचा, ढालीच्या आकाराचा असतो. पाठीवर मधोमध त्रिकोण, आणि पंखाचा वरचा अर्धा भाग जाड तर टोकाचा पातळ. दाबला की कच्च्या सांबारासारखा, म्हणजे कोथिंबिरीसारखा, पण उग्र वास येतो; दोन्हींत एकाच जातीची द्रव्यं असतात. कडुनिंबाच्या सालीच्या रंगाचा करडाही येतो, तो झाडाच्या खोडावर बसला तर दिसतसुद्धा नाही. सासूबाईंना वाटायचं हे खाटेतल्या ढेकणासारखे रात्री चावतील. तसं नाही. खाटेतल्याला उडायला पंख नसतात आणि तो रक्तावर जगतो. हा शेंगांचा रस पितो, अंडी पानाच्या खाली पुंजक्यानं घालतो, घरात त्याची पैदास होत नाही. तो फक्त उजेडाला येतो आणि अडकतो.

मोबाइलवर याच्यावर जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक अमेरिकेतले. तिथं त्रास देणारा तपकिरी ढेकूण चीन-जपानकडचा. 1998 मध्ये तो पेनसिल्व्हेनियातल्या अॅलनटाउनला पहिल्यांदा सापडला. तो थंडीच्या आधी उबेसाठी घरात शिरतो आणि हिवाळाभर भिंतींच्या फटीत दडून राहतो. आपल्याकडं कारण वेगळं. सोयाबीन सोंगून झालं की याचं खाणं जातं, मग तो तुरीकडं, पऱ्हाटीकडं उडतो आणि वाटेत आपला दिवा लागतो. त्यामुळं जाळीचं काम पोळ्याच्या आत करून घ्या. सोंगणी सुरू झाल्यावर कारागीरही मिळत नाही.

आता कामाबद्दल. आमच्या समोरच्या खोल्यांच्या खिडक्या दोन ट्रॅकच्या, सरकत्या काचांच्या. त्यांना बाहेरून आणखी एक ट्रॅक जोडून जाळीचा पल्ला टाकला. भाव चौरस फुटाला 110 रुपये पडला, जाळी आणि मजुरी धरून. फायबरची करडी जाळी घेतली, इंचाला 18 बाय 16 घरांची. स्वयंपाकघराला मात्र मी स्टीलचीच मागितली, कारण आमची मांजर त्या खिडकीवर चढते आणि फायबर तिच्या नखापुढं टिकत नाही. स्टीलला जास्त पैसे गेले, त्याचं वाईट वाटत नाही. मागच्या लाकडी खिडकीला वेल्क्रोची जाळी लावली. तिथं कारागिरानं चौकट आधी थिनरनं पुसली, मग पट्टी चिकटवली. तेलकट चौकटीवर वेल्क्रो धरत नाही, तेव्हा एवढं तरी करून घ्याच.

माप नीट, कापणं साफ, पल्ले हलके सरकतात. कारागीर बोलायलाही चांगला. पण जाळी बसली त्याच संध्याकाळी हिरवे पुन्हा आत! टॉर्च घेऊन मी ट्रॅकजवळ बसले तेव्हा कुठं कळलं. खालच्या पट्टीला पावसाचं पाणी जायला भोकं असतात. त्यातून आधी मिशा बाहेर आल्या, थोडा वेळ इकडंतिकडं हलल्या, मग सगळा ढेकूण अंग चपटं करून आत आला आणि ट्रॅकच्या कडेकडेनं कोपऱ्यापर्यंत चालत गेला. तिथं जाळीचा पल्ला आणि काच यांच्यात बोट जाईल एवढी फट होती. पल्ल्याला ब्रशची पट्टीच, म्हणजे फट बुजवणारी केसाळ पट्टी, लावलेली नव्हती.

फोन केला तर म्हणाला, "वहिनी, ब्रश संपला होता, येतो न आठ दिवसांत." ते आठ दिवस चांगलेच लांबले, सोंगणीचा ऐन मोसम त्यातच गेला, आणि या कामात माझा राग फक्त एवढ्याच गोष्टीचा आहे. शेवटी आला, उभ्या कडांना ब्रश लावला, भोकांवर आतून जाळीचे तुकडे चिकटवले, म्हणजे पाणी जातं आणि किडा अडतो. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून समोरच्या खोल्यांत हिरवा क्वचितच दिसतो. तुडतुडे मात्र अजून येतात, ते जाळीच्या या घरांतूनही निसटतात.

मागच्या खोलीवर टिनं आहेत. भिंत आणि टिनं यांच्यामधल्या नागमोडी फटी कारागिराच्या कामात नव्हत्या. त्या आम्हीच सिमेंटच्या पोत्यांचे तुकडे कोंबून बुजवल्या, आणि एक्झॉस्टच्या भोकाला उरलेली जाळी तारेनं बांधली. एक्झॉस्टची जाळी तेलानं लवकर भरते, ती धुवावी लागते.

जाळी लावूनही पांढरा ट्यूब दाराशीच ठेवला तर दार उघडलं की थवा आत. सासूबाई आधीपासून म्हणत होत्या, "अवं, दिवा तिकडं गोठ्याकडं नेवून ठेव, आपोआप जातीन." त्यांचं ऐकलं. पांढरा एलईडी गोठ्याच्या पलीकडच्या खांबावर, आणि दाराशी पिवळा बल्ब. पिवळ्या उजेडाला हे कमी येतात. एवढ्याशा बदलानं जो फरक पडला तो पाहून मी शेजारच्या दोन घरांतही बल्ब बदलायला लावले.

तरी एखादा आलाच तर चप्पल मारू नका, झाडूनंही चिरडू नका, वास दिवसभर राहतो. मगात पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब घ्या, मग भिंतीवर त्याच्या खाली धरून कागदानं टोचा. हा घाबरला की खाली पडतो, सरळ पाण्यात. साबणामुळं पाण्यावर तरंगत नाही. स्वयंपाकघरात फवारा मारायचा मोह मी टाळते, ताटं-वाट्या उघड्या असतात.

आणि कापूस वेचून घरात भरणाऱ्यांसाठी : लाल ढेकूण आणि ते बारीक करडे ढेकूण खिडकीतून येत नाहीत, गाठोड्यातून येतात. त्यांना सरकी हवी असते. कितीही महागाची जाळी लावा, ते आतच असतात. आम्ही आता कापूस आधी अंगणात उन्हात पसरवतो, हलवतो, बरेच ढेकूण निघून जातात, मग खोलीत नेतो. तेवढी जागा आणि ऊन असेल तर हे करा.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण ब्रशच्या उशिरासाठी कापला. देवघराची आणि कोठीची खिडकी अजून बाकी आहे, कापसाचे पैसे आले की त्याच माणसाला बोलावणार. या खेपेला आधी ब्रशचं बंडल आणि भोकांची जाळी डोळ्यांनी पाहीन, मगच इसार देईन.