बँडसॉच्या नावावर ८४,२५० रुपये गेले. मशीन घेणाऱ्यांनो, आधी हे वाचा

₹८४,२५० गेले. मशीन (बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याने लाकूड चिरणारं यंत्र) आलं नाही आणि येणारही नाही. अॅडव्हान्स घ्यायचा, मग गाडी निघाली म्हणून पैसे, गाडी अडली म्हणून पैसे, हा प्रकार कसा चालतो ते सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं, म्हणून संताप जास्त होतो. "एवढा शिकलेला माणूस कसा फसला?" हे वाक्य मी घरी, शेजारी आणि पोलीस ठाण्यातही ऐकून घेतलं आहे. मला कुणी अर्ध्या किमतीचं आमिष दाखवलं नव्हतं. माझं काम नेमकं कुठे अडलंय हे त्या माणसाला ठाऊक होतं आणि त्याने बरोबर तिथेच हात घातला.

मी अकूस्टिक गिटार बनवतो. पाठ आणि बाजू शिसवीच्या. फळी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणायची आणि सॉ मिलवर चिरून घ्यायची, असं इतके दिवस चाललं होतं. मिलवाला सहा मिलिमीटरपेक्षा पातळ पाटी द्यायला तयार नसतो. त्याचं पातं रुंद, एका कटात अडीच-तीन मिलिमीटरचा भुसा. दोन इंची फळीतून पाच, फार तर सहा पाट्या हातात येतात. आणि गिटारची पाठ शेवटी उरते अडीच मिलिमीटरची. बाजू वाकवायच्या असतात म्हणून त्याहूनही पातळ. म्हणजे पैसे मोजून आणलेली शिसव निम्म्याहून जास्त भुशात. चांगल्या बँडसॉवर पातळ पात्याने चार मिलिमीटरची पाटी काढली तर एका कटाला साधारण एक मिलिमीटर जातो. त्याच फळीतून नऊ-दहा पाट्या. हा हिशोब ज्याने केलाय त्याला मशीनची घाई का होते ते सांगावं लागत नाही.

मशीन मात्र कुठलंही चालत नाही. १४ इंची बँडसॉवर (हे माप चाकाच्या व्यासाचं) टेबलापासून पातं सरळ धरणाऱ्या वरच्या गाइडपर्यंत साधारण सहा इंच जागा मिळते. ड्रेडनॉट आकाराच्या गिटारची पाठ खाली साडेपंधरा इंचाहून जरा जास्त रुंद असते, ती मधोमध जोडायची, म्हणजे एकेक पाटी आठ इंचांची. सहा इंचात ती उभीच राहत नाही. रायझर ब्लॉक, म्हणजे मशीनच्या खांबात बसवायचा वाढीव ठोकळा, लावून उंची वाढते, पण मोटर एक एचपीची असेल तर आठ इंच शिसवीत पातं आत वाकतं आणि पाटी मधे जाड, कडेला पातळ निघते. आपल्याकडच्या बिडाच्या मोठ्या मशीन दणकट असतात, पण मी पाहिलेल्या सगळ्या थ्री फेज. माझ्या गाळ्यात सिंगल फेज. मला हवं होतं १८ इंची, दोन एचपी, सिंगल फेज, दहा इंच उंची चिरणारं मशीन. नवीन इम्पोर्टेडची जी कोटेशनं आली होती ती दोन लाखांच्या पुढची होती.

अशात एक जाहिरात दिसली. १८ इंची, इम्पोर्टेड, वापरलेलं, एक लाख अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ₹१,१८,०००. पत्ता राजकोटचा. चाळीस हजार मागितले असते तर मी फोनच केला नसता. वापरलेल्या मशीनला हाच भाव असायला हवा, असाच भाव त्याने लावला होता. फोनवर माणूस मुद्द्याचं बोलत होता. चिरायला किती इंच लागतं, तीन टीपीआयचं (इंचाला तीन दातांचं) पातं लावता का, लाकूड ओलं की सीझन केलेलं, हे त्याने मला विचारलं. ज्यांना वाटतं फसवणारा अडाणी असतो, बोलण्यावरून लगेच कळतो, त्यांनी हा भ्रम सोडावा.

आता तो क्षण. बुकिंगच्या आधी मी मशीन चालू असल्याचा व्हिडिओ मागितला. तासाभरात आला. काळपट लाकडाचा उभा ठोकळा, पातं सरळ उतरतंय, मागून एकसारखी पाटी सुटतेय, भुसा बारीक. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. मशीनच्या मागे भिंतीवर एक सॉकेट होतं: दोन उभ्या चिरा आणि खाली एक छोटं गोल भोक. अमेरिकेतलं सॉकेट. राजकोटच्या कुठल्या कारखान्यात भिंतीला तसलं सॉकेट असतं? आपल्याकडे तीन गोल भोकं आणि शेजारी बटण. ते मला दिसलं. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "सर, बाहर का मशीन है ना, इसलिए वैसा पॉइंट लगाया है. ट्रान्सफॉर्मर साथ में दूँगा, फ्री."

त्याच जागी फोन ठेवायला हवा होता. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११० करेल, पण तिकडची वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची, ते ट्रान्सफॉर्मरने बदलत नाही. ६० हर्ट्झची मोटर इथे सहाव्या हिश्श्याने हळू फिरते. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, मी स्वतः मोटरी जोडतो. पण माझी नजर पाटीवर होती. ज्या माणसाची शिसव वर्षानुवर्षं सॉ मिलच्या भुशात चाललीय त्याच्यासमोर तशी पाटी सुटताना दाखवली तर तो भिंत बघत नाही. शिवाय त्याच्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते ऐकायला अगदीच वेडगळ नव्हतं. रात्री ती दोन उभी भोकं डोळ्यांपुढे येतात आणि झोप उडते.

तो व्हिडिओ परदेशातल्या कुणा कारागिराचा उचललेला होता, हे नंतर शोधल्यावर सापडलं. म्हणून सांगतो: व्हिडिओ कधीही मागू नका, व्हिडिओ कॉल मागा. कॉलवर मशीन बंद करायला सांगा, मोटरची नेमप्लेट जवळून दाखवायला सांगा. व्होल्ट, हर्ट्झ, फेज, एचपी त्यावर कोरलेले असतात. कागदावर तुमचं नाव आणि तारीख लिहून तो टेबलावर ठेवायला सांगा. खरा विकणारा कुरकुरेल, पण करेल.

पैसे असे गेले. बुकिंगचे ₹११,८००, यूपीआयने. स्क्रीनवर फर्मचं नाव न येता एका बाईचं नाव आलं. "सेठजी की मिसेस के नाम पे प्रोप्रायटरशिप है, सर." आपल्याकडे कितीतरी छोटे धंदे घरच्या बाईच्या नावावर असतात, त्यामुळे यात मला वावगं वाटलं नाही. मग पॅकिंगच्या आधी अर्धी रक्कम पुरी करायची म्हणून ₹४७,२००, आयएमपीएसने, दुसऱ्याच खात्यावर. त्यानंतर बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो आला, ट्रकचा नंबर आला, लाकडी क्रेटचा फोटो आला. मग ट्रान्झिट इन्शुरन्सचे ₹८,८५०, "डिलिव्हरी झाली की परत." मग गाडी चेकपोस्टला अडली, ई-वे बिलात (मालवाहतुकीच्या सरकारी ऑनलाइन कागदात) चूक निघाली, दंडाचे ₹१६,४००, "आज नहीं भरा तो माल जप्त." आधीचे जवळपास अडुसष्ट हजार अडकलेले असताना माणूस हे सोळा हजार का भरतो, हे ज्याचे अडकलेत त्यालाच विचारा. नंतर आणखी ₹२२,००० मागितले तेव्हा मी बिल्टीवरच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचा नंबर स्वतः शोधून फोन लावला. त्या नंबरची बिल्टी त्यांच्याकडे नव्हतीच.

ई-वे बिल बनवायला सरकार एक पैसा घेत नाही. त्याचा बारा आकडी नंबर सरकारी पोर्टलवर तपासता येतो. आणि त्याने पाठवलेल्या प्रोफॉर्मावरचा, म्हणजे विक्रीआधीच्या कच्च्या बिलावरचा, जीएसटी नंबर! पहिले दोन आकडे राज्याचे असतात: गुजरात २४, महाराष्ट्र २७. माझ्या कागदावर होते ०३, म्हणजे पंजाब. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता नंबर टाकला की नाव, पत्ता, नोंदणी चालू की रद्द, सगळं दिसतं. तो नंबर लुधियानातल्या कुणा सूत व्यापाऱ्याचा निघाला. त्या बिचाऱ्यालाही पत्ता नसेल. प्रोफॉर्मावर मालाचा प्रकार सांगणारा एचएसएन कोड ८४६५ बरोबर टाकलेला होता, लाकूडकामाच्या मशीनचा, म्हणून कागद खरा वाटला. एक गोष्ट बरोबर आहे म्हणून बाकीचा कागद बरोबर समजू नका.

इथपर्यंतचा राग त्या चोरावर. पुढचा राग ज्यांना आपण पगार देतो त्यांच्यावर.

फसल्याचं कळलं त्याच संध्याकाळी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. लाइन व्यस्त, मग पुन्हा व्यस्त, मग संगीत. शेवटी लागला तेव्हा पलीकडच्या बाई नीट बोलल्या, तक्रार घेतली, नंबर दिला. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण तोवर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पोचले होते. अडवता आले फक्त ₹३,२१२. चौऱ्याऐंशी हजारांतले तीन हजार! म्हणून फसल्याचा नुसता संशय आला तरी नातेवाईकांना सांगत बसू नका, चोराशी भांडत बसू नका, आधी १९३० लावा. आणि त्याच वेळी दुसऱ्या फोनवर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार भरायला घ्या.

पोलीस ठाण्यात सांगितलं, सायबरकडे जा. सायबरवाल्यांनी सांगितलं, रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच द्या. ठाण्यात परत गेलो तर तिथल्या साहेबांनी विचारलं, "तुम्हीच पाठवले ना पैसे? कुणी बंदूक लावली होती का? हा व्यवहार आहे, दिवाणी मॅटर आहे, वकील बघा." शेजारी बसलेला हवालदार हसला. लाखभराचा मुद्देमाल असता तर हसला असता का? मी व्हिडिओ, बिल्टी, जीएसटीचा उतारा, सगळ्याच्या प्रिंट काढून फाइल नेली होती. फाइल उघडलीसुद्धा नाही. "राजकोटला झालंय, तिकडे जा" म्हणाले. राजकोटला! जिथे तो माणूस कधी नव्हताच तिथे!

हे सगळं कायद्याला धरून नाही, हे मला एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. फसवणूक करून पैसे उकळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. दिवाणी मॅटर म्हणे! नोंदवत नसतील तर तीच माहिती लेखी करून टपालाने अधीक्षकांना पाठवायची, तिथेही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. मी अर्ज रजिस्टर एडीने पाठवला, पोच जपून ठेवली, तेव्हा कुठे एफआयआर झाला. ज्या माणसाला हे वकील सांगणारे नाहीत त्याने काय करायचं?

बँकेत आणखी वेगळं. शाखेत म्हणाले कॉल सेंटर, कॉल सेंटर म्हणालं शाखा. "पिन तुम्ही स्वतः टाकलाय, त्यामुळे हा अनधिकृत व्यवहार नाही." बरं, मग ज्याचं खातं तुम्ही उघडलंत, केवायसी तुम्ही केलंत, त्या खात्यात सगळीकडून असे पैसे येत होते आणि लगेच निघून जात होते, ते तुम्हाला दिसत नव्हतं? याचं उत्तर कुणी दिलं नाही. एक छापील फॉर्म दिला. आणि ते अडकवलेले ₹३,२१२ सुद्धा सहज मिळत नव्हते. त्यासाठी न्यायालयात अर्ज करून आदेश आणा, असं तेव्हा सांगितलं. माझेच पैसे, बँकेलाही मान्य, पोलिसांनाही मान्य, आणि मीच वकिलाची फी भरायची.

वापरलेलं मशीन घ्यायचंच असेल तर जिथे स्वतः जाऊन हात लावता येईल तिथलंच घ्या. पातं उतरवा, वरचं चाक हाताने हलवा, बेअरिंगमध्ये खेळ आहे का बघा. चाकावरच्या रबराला भेगा आहेत का बघा. वरची आणि खालची चाकं एका रेषेत आहेत का, सरळ पट्टी लावून बघा. सोबत आठ इंच उंचीचा ठोकळा घेऊन जा, तिथेच चिरा आणि पाटीची जाडी वर, मधे, खाली व्हर्नियरने मोजा. जायला जमत नसेल तर त्या गावातल्या एखाद्या सुताराला हजार-दोन हजार देऊन पाठवा. तेवढं करूनही पूर्ण पैसे माल टेम्पोत चढल्यावरच.

माझं काम सध्या पुन्हा सॉ मिलवर आलं आहे. दोन ऑर्डर पुढे ढकलल्या, एकाचा अॅडव्हान्स परत केला.

ती जाहिरात अजून चालू आहे. फर्मचं नाव बदललं, पत्ता आता कोइंबतूरचा, किंमत ₹१,२४,०००, व्हिडिओ तोच. मी ती बंद करा म्हणून कळवलं, काही झालं नाही. तपास अधिकारी म्हणाले की याच खात्यांवर आणखी तक्रारी आल्या तर प्रकरण वर जाईल. तेव्हा १८ इंची बँडसॉसाठी कुणी पैसे पाठवले असतील तर लाजेपोटी गप्प बसू नका, १९३० वर तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर मला कळवा. माझ्या फाइलला जोडतो.