फ्लॉपी ड्राइव्ह वाचेना: दुरुस्ती, यूएसबी ड्राइव्ह की गोटेक?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) मशीनला जोडलेलं जुनं वर्कस्टेशन असो, की दांडिया बाजारातल्या घरी कपाटातून निघालेल्या फ्लॉप्या असोत, ड्राइव्ह वाचेनासा झाला की तीन वाटा उरतात. आहे तो दुरुस्त करायचा, बाहेरून लावायचा यूएसबी ड्राइव्ह घ्यायचा, किंवा गोटेक, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा पेन ड्राइव्हचा डबा, बसवायचा. जुन्या फ्लॉप्यांतला डेटा काढायचाय की मशीनला पुढेही फाइली देत राहायच्यात, ते आधी ठरवा.

डेटा हवा असेल तर गोटेक कामाचा नाही. त्यात फ्लॉपी जातच नाही. पेन ड्राइव्ह लावला की संगणकाला ती फ्लॉपी वाटते, एवढंच.

माझं मत आधी दुरुस्तीच्या बाजूने. दिवा सतत पेटलेला असेल तर 34 पिनांची केबल बहुधा उलटी लागली आहे. फ्लॉपी बदलूनही पहिलीचीच यादी दिसत असेल, तर डिस्क बदलल्याचा सिग्नल पोचत नाहीये. अशा वेळी काहीही लिहू नका, पहिलीचा फाइलींचा तक्ता दुसरीवर चढून तिचा डेटा जातो. ड्राइव्ह स्वतः लिहिलेल्या फ्लॉप्या वाचतो पण दुसरीकडच्या नाही, तर हेड (फ्लॉपी वाचणारा-लिहिणारा भाग) सरकलंय. ते जागेवर आणणं घरचं काम नाही. पण असा ड्राइव्ह भंगारात देऊ नका: त्यानेच लिहिलेल्या फ्लॉप्या कदाचित फक्त तोच वाचू शकेल.

बाकी बऱ्याचदा दोष मळलेल्या हेडचा. आपल्याकडे पावसाळ्याच्या दमटपणात फ्लॉपीवर बुरशी धरते, विश्वामित्रीचं पाणी घरात येऊन गेलं असेल तर विचारायलाच नको. शटर सरकवून, मधली चकती हळूहळू फिरवत उजेडात बघा. पांढुरके डाग दिसले तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. एक बुरसटलेली फ्लॉपी हेड मळवते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे येतात. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा, वरचा दांडा फार उचलू नका, पूर्ण वाळू द्या. चांगली फ्लॉपी घालण्याआधी कोपऱ्यातली खिटी सरकवून छिद्र उघडं ठेवा, म्हणजे चुकूनही काही लिहिलं जाणार नाही.

यूएसबी ड्राइव्ह लॅपटॉपला लगेच चालतो. पण तो साधारणपणे 1.44 एमबीच्या, फार तर 720 केबीच्या पीसी फ्लॉप्या वाचतो. सव्वापाच इंची किंवा जुन्या मशीनच्या वेगळ्या फॉरमॅटच्या फ्लॉप्यांना उपयोग नाही. मूठभर धड फ्लॉप्या असतील तर जरूर घ्या.

मशीन रोज चालवायचं असेल तर मात्र गोटेकच. सोनीने 2011 मध्ये फ्लॉपी विकणं थांबवलं; जुन्या साठ्यावर कारखाना किती दिवस चालवणार? गोटेक साडेतीन इंचांच्या खाचेत बसतो आणि तीच 34 पिनांची केबल घेतो. त्यावर फ्लॅशफ्लॉपी हे मोफत फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) चढवलं तर फ्लॉपीच्या इमेज फाइली, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची हुबेहूब प्रत असलेल्या फाइली, सरळ पेन ड्राइव्हवर ठेवता येतात. मशीनला 720 केबी लागते की 1.44 एमबी, ते घेण्याआधी तपासा, जंपरही (पिनांवरच्या छोट्या टोप्या) जुन्या ड्राइव्हप्रमाणे लावा. आणि चालू फ्लॉप्यांच्या इमेज जुना ड्राइव्ह वाचतोय तोवरच काढून घ्या.

फ्लॉपीतली मराठी फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर ड्राइव्हला दोष देऊ नका. ती बहुधा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये आहे. मूळ फाइल जपून तिची प्रत युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा.