फीडिंग कपडे: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

‘फीडिंग’ असा शिक्का बसला की कुर्ता, टॉप, गाऊन सगळ्यांची किंमत चढते. सोय मात्र तेवढी चढतेच असं नाही. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण 8 ते 12 वेळा दूध पितं. म्हणजे रात्र धरून दर दोन-तीन तासांनी एका हातात बाळ सांभाळायचं आणि दुसऱ्या हाताने कपडा उघडायचा. या परीक्षणाची कसोटी तेवढीच आहे: एका हाताने, न बघता, अर्धवट झोपेत कपडा उघडतो का, आणि पाजून झाल्यावर तसाच एका हाताने बंद होतो का? यातला दुसरा भाग खरेदीच्या वेळी कुणी तपासत नाही, आणि बहुतेक कपडे नापास होतात ते तिथेच.

आधी ब्रा. वरचा कपडा कसाही असला तरी निभावतं, ब्रा चुकली की दुखतं. गरोदरपणात बरगड्यांचा घेर वाढलेला असतो, तो बाळंतपणानंतर हळूहळू उतरतो. छातीचं उलट असतं: साधारण 2 ते 5 दिवसांत दूध उतरायला लागलं की ती भरून येते, कधी कडक होऊन ठणकते. घेर कमी होणार आणि कप वाढणार, हे धरूनच माप निवडायचं. बाळंतपणाच्या आधी घ्यायच्या तर एक-दोनच घ्याव्यात, ताणल्या जाणाऱ्या मऊ कपांच्या, आणि मागचा पट्टा सर्वांत सैल हुकावर नीट बसेल अशा. पुढे आत घ्यायला हुक शिल्लक राहतात. साच्यातले कडक कप या दिवसांत नकोत, ते वाढत्या मापाबरोबर ताणत नाहीत, फक्त रुततात. दुधाचं प्रमाण साधारण 6 आठवड्यांनी स्थिरावतं. तेव्हा पुन्हा माप घेऊन उरलेल्या आणाव्यात. दिवसा घालायला तीन आणि रात्रीसाठी दोन पुरतात.

माप बसलं की नाही हे गळणारं दूध टिपणारं पॅड आत ठेवूनच पाहावं, नुसत्या ब्रावर नाही. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत, कपाच्या कडेवरून छाती बाहेर फुगायला नको, आणि ब्रा काढल्यावर कातडीवर उमटलेले वळ थोड्या वेळात जायला हवेत. तारेच्या ब्राबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: सुरुवातीचे 6 आठवडे नकोच. तार एकाच जागी दाबत राहिली तर तिथलं दूध अडून गाठ होऊ शकते, आणि गाठीवरून पुढे सूज आणि ताप. नंतर माप अचूक बसत असेल तर मऊ, लवचीक तारेची दिवसा चालेल, झोपताना नाही.

कप खांद्याच्या पट्टीला अडकवणाऱ्या क्लिपकडे लोक बघतात, पण कप उघडल्यावर आत काय उरतं ते बघत नाहीत. काही ब्रांमध्ये कप खाली पडला तरी छातीभोवती कापडाची पूर्ण चौकट राहते. आधार चांगला मिळतो, पण चौकट अरुंद असेल तर तिची कड छातीवर गोल रुतते आणि बाळाच्या गालाला, हनुवटीला मध्ये येते. दुसऱ्या प्रकारात खांद्यापासून बगलेकडे एकच पट्टी जाते. तिथे बाळाला जागा जास्त मिळते, फक्त मोठ्या मापाला आधार थोडा कमी पडतो. नवीन बाळासाठी आम्ही दुसऱ्या प्रकाराला झुकतं माप देऊ, कारण तोंडाची पकड अजून बसलेली नसताना मध्ये येणारं कापड सर्वांत जास्त त्रास देतं. क्लिप तपासायची रीत सोपी आहे. ब्रा घालून, डोळे मिटून, डाव्या हाताने डावी क्लिप उघडा आणि पुन्हा लावा, मग उजव्या हाताने उजवी. लावताना कपाचं टोक शोधत बसावं लागलं तर ती ब्रा सोडून द्या. कपाच्या वरच्या टोकाला बोटात धरता येईल अशी छोटी कड असली की काम सोपं होतं.

रात्रीसाठी क्लिपच नको. समोर एकमेकांवर येणाऱ्या दोन पदरांची, नुसती बाजूला सरकवायची सुती ब्रा पुरे. तिने आधार देणं अपेक्षित नाही, पॅड जागेवर राहिलं की झालं. मागचा पट्टा तात्पुरता घट्ट होत असेल तर नवी ब्रा घेण्याआधी हुकांची जोडपट्टी लावून पाहा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

आता वरचे कपडे, आणि इथे निराशा जास्त. सर्वांत जास्त खपतो तो दोन उभ्या लपवलेल्या चेनचा कुर्ता. दिसायला छान, बाहेरून कळतही नाही. उघडतोही झटकन. बंद करताना मात्र अडतो. चेन वर ओढायची तर खालून कापड कुणीतरी ताणून धरावं लागतं, आणि दुसऱ्या हातात तर बाळ आहे. मऊ, ताणणारं कापड असेल तर चेनबरोबर अख्खा कुर्ता वर येतो. शिवाय पाजताना फट आडवी ताणली जाते आणि सगळा भार चेनच्या खालच्या टोकावर पडतो. तिथे भक्कम आडवी टीप नसेल तर आधी शिवण उसवते, मग दात सुटतात. घ्यायचाच असेल तर चेन नायलॉनची, फट किमान 18 सेंमी लांब, आतून कापडाची पट्टी, आणि चेनची दोन्ही टोकं कापडात झाकलेली हवीत. नाहीतर ते टोक बाळाच्या गालावर घासतं. फट जागेवर आहे का हेही बघावं लागतं: ब्रा घालून खांद्याच्या शिवणीपासून स्तनाग्रापर्यंतचं अंतर मोजा, ते फटीच्या साधारण मध्यावर यायला हवं. ऑनलाइन मापतक्त्यात छातीचा घेर असतो, हे अंतर बहुतेक वेळा नसतं. विक्रेत्याला विचारून घ्या.

आडव्या दोन थरांचा टॉप, म्हणजे वरचा आखूड थर उचलायचा आणि आतल्या थरातल्या फटीतून पाजायचं, हा चेनपेक्षा सरस. मोडण्यासारखं काही नाही, बंद करायचं म्हणजे हात सोडून द्यायचा. दोष एवढाच की दोन थर म्हणजे उकाडा, आणि आतल्या फटी अरुंद असल्या तर कापड बाळाच्या नाकावर येतं. एकमेकांवर येणाऱ्या गळ्याचे टॉप घरात उत्तम, बाहेर वाकलं की गळा उघडा पडतो. आत एक टिचबटण लावून घेतलं की प्रश्न सुटतो. समोर बटणपट्टीचा साधा शर्टही चालतो, पण काज-बटणांऐवजी टिचबटणं असतील तरच एका हाताने जमतं.

आणि या सगळ्यांना मागे टाकणारा पर्याय ‘फीडिंग’ नावाने विकलाच जात नाही. आत ताणणारी, खोल गळ्याची स्लिप, वर नेहमीचा सैल टी-शर्ट. टी-शर्ट वर उचलायचा, स्लिप खाली ओढायची. पोट स्लिपने झाकलेलं, छातीचा वरचा भाग टी-शर्टने झाकलेला, मधला भाग बाळाच्या डोक्याने. चार-पाच स्लिप घेतल्या की कपाटातले जुने टी-शर्ट कामाला लागतात. मागे चेन असलेले एकसंध पेहराव मात्र काही महिने बाजूला ठेवा.

गाऊनमध्ये मधोमध एकच चेन असलेला टाळावा, दोन्ही बाजू उघड्या पडतात आणि चेनची कड नेमकी बाळाच्या चेहऱ्याखाली येते. दोन बाजूंना दोन फटी असलेला बरा. अपवाद बाळंतपणानंतरचे पहिले दिवस: तेव्हा पुढून पूर्ण उघडणारा बटणांचा गाऊन उपयोगी, कारण बाळाला उघड्या छातीवर घेता येतं आणि तपासणीही सोपी होते. सीझर झालं असेल तर टाके बहुधा ओटीपोटाच्या खालच्या बाजूला, आडवे असतात. कमरेखाली बसणाऱ्या पँटची कड नेमकी तिथे घासते. बेंबीच्या वर बसणारी, रुंद, सैल इलॅस्टिकची पँट घ्यावी.

कापडात पहिला मान सुती होजियरीला, त्यात 5 टक्क्यांच्या आसपास स्पॅन्डेक्स असलेल्याला, कारण ते ताणून परत मूळ जागी येतं. एका बाजूने पाजताना दुसरीकडूनही पान्हा फुटतो, त्यामुळे डाग कुठल्या रंगावर दिसतो हा प्रश्न खरा आहे. फिकट राखाडी सर्वांत वाईट. गडद रंग किंवा बारीक छाप निभावून नेतात. टिकल्या, आरसे, मण्यांचे गोंडे, लांब नाड्या नकोत: बाळाला ओरखडतात आणि सुटलेला मणी तोंडात जातो.

पाजताना अंगावर घ्यायचं झाकण घेतलंच तर गळ्याशी ताठ कमान असलेलं, हवा जाणाऱ्या पातळ कापडाचं घ्या, म्हणजे वरून बाळाचं तोंड दिसत राहतं. जाड कापडाखाली बाळ तापतं.

पॅडच्या दोन जाती. वापरून टाकायची पातळ असतात आणि दूध जास्त धरतात. बाहेर जाताना तीच बरी. धुवायची सुती पॅड घरासाठी, 8 ते 10 जोड्या हव्यात. दोन्हींना नियम एकच: ओलं झालं की बदला. सतत दमट राहिलं की स्तनाग्रं चिरतात आणि बुरशीचा संसर्ग व्हायला वाव मिळतो. मागे प्लास्टिकचा थर असलेली पॅड गळती थांबवतात, पण वाराही थांबवतात, म्हणून दिवसभर नकोत.

दुधाचे डाग आधी थंड पाण्यात भिजवावेत. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं धाग्यात पक्की बसतात. ब्रा हुक लावून आणि चेनचे कपडे चेन लावून जाळीच्या पिशवीत धुवावेत. धुवायच्या पॅडना फॅब्रिक कंडिशनर अजिबात लावू नये: धाग्यावर थर बसतो, आणि पॅड दूध शोषण्याऐवजी ते कडेने बाहेर सोडतं.