कोस्टा रिका की ग्वाटेमाला? पाहुण्यासाठी रोजच्या व्यवहाराची तुलना

मध्य अमेरिकेतला एकच देश पाहण्याइतकी रजा असेल, तर निवड बहुधा कोस्टा रिका आणि ग्वाटेमाला या दोन नावांवर येऊन अडते. प्रेक्षणीय स्थळांना दोन्हीकडे तोटा नाही, त्यामुळे तिथला साधा दिवस कसा जातो आणि नवख्या माणसाला तो कितपत झेपतो, याच निकषावर ही तुलना केली आहे. वयस्क आई-वडील किंवा लहान मुले बरोबर असतील, तर मी निःशंकपणे कोस्टा रिका सुचवीन. कामापुरती स्पॅनिश शिकण्याची आणि थोडी गैरसोय सोसण्याची तयारी असेल, तर ग्वाटेमाला.

कोस्टा रिकाने 1948 मध्ये सैन्य बरखास्त केले आणि शिक्षण व आरोग्यावरील खर्चाला प्राधान्य दिले. त्याची फळे पाहुण्यालाही मिळतात. बहुतेक ठिकाणी नळाचे पाणी थेट पिता येते, दवाखाने चांगले आहेत आणि पर्यटन भागात इंग्रजीवर बऱ्यापैकी निभावते. या सुखसोयींची किंमत मात्र मोजावी लागते, कारण हा या टापूतील महागड्या देशांपैकी एक आहे. उपाहारगृहाच्या बिलात 13 टक्के कर आणि 10 टक्के सेवाशुल्क लागते, त्यामुळे वरून टिप देण्याचे बंधन नसते. भाड्याच्या गाडीचा इंटरनेटवर दिसणारा दर तर फसवाच असतो. सक्तीचा विमा त्यात बहुधा धरलेला नसतो आणि प्रत्यक्ष काउंटरवर रक्कम दुपटीपर्यंतही जाऊ शकते. समुद्रकिनाऱ्यावर गाडीत सामान ठेवून पोहायला जाणे म्हणजे चोराला आमंत्रणच. पत्ते रस्त्याच्या नावाने क्वचितच सांगतात. ‘चर्चपासून 200 मीटर दक्षिणेला’ असा पत्ता मिळतो, आणि तिथे 100 मीटर म्हणजे ढोबळमानाने एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचे अंतर, हे ठाऊक नसेल तर माणूस भलतीकडेच पोहोचतो.

ग्वाटेमालात रोजचा दिवस हाच पाहण्याचा विषय आहे, आणि माझा व्यक्तिगत कल त्यामुळेच तिकडे झुकतो. स्पॅनिशखेरीज वीसहून अधिक माया भाषा तिथे बोलल्या जातात, आणि डोंगराळ भागात हातमागावर विणलेले नक्षीदार पोलके बायका आजही रोजच्या कामाला घालून वावरतात. चिचिकास्तेनांगो गावचा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो. गावोगाव जाण्यासाठी अमेरिकेतल्या शाळांच्या जुन्या बस रंगवून वापरतात. मुलांसाठी बनवलेल्या बाकावर तीन-तीन मोठी माणसे बसतात, साहाय्यक दारात लोंबकळत गावाचे नाव ओरडतो आणि सामान टपावर चढते. एसटीत उभ्याने प्रवास केलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, तरी अंधार पडल्यावर या बस टाळाव्यात आणि राजधानीत कोणत्या भागात उतरायचे हे आधीच ठरवून घ्यावे. नळाचे पाणी पिऊ नये. स्थानिक लोकही पिण्यासाठी पाण्याचे मोठे जार विकत घेतात. केत्सालतेनांगो शहर 2,300 मीटरहून उंचावर असल्याने डिसेंबर-जानेवारीत तिथे पहाटे कडाक्याची थंडी पडते.

या देशाने 1960 ते 1996 असे छत्तीस वर्षांचे गृहयुद्ध सोसले, आणि त्यातले बहुसंख्य बळी माया समाजाचे होते. म्हणून हा विषय आपण होऊन काढू नये. फोटो, विशेषतः मुलांचे, विचारल्याशिवाय काढू नयेत, कारण मुले पळवण्याच्या अफवांनी गावे चटकन बिथरतात. दुकानात शिरताच आधी अभिवादन आणि मग कामाचे बोलणे, हा शिष्टाचार मात्र दोन्ही देशांत पाळला जातो.

जेवणाच्या बाबतीत शाकाहारी माणसाने दोन्हीकडे सावध राहावे. कोस्टा रिकात भात-घेवड्याचा गायो पिंतो सकाळी मिळतो आणि सोडा नावाच्या छोट्या खानावळीत दुपारचे ताट बिनामांसाचे करून देतात. ग्वाटेमालात हातावर थापलेल्या मक्याच्या तोर्तिया आणि काळा घेवडा प्रत्येक जेवणाला असतो. नुसते ‘मांस नको’ म्हटले तर कोंबडी पानात येऊ शकते, म्हणून कोंबडी आणि मासेही नकोत हे स्वतंत्रपणे सांगावे, आणि घेवडा डुकराच्या चरबीत परतला आहे का हेही विचारावे. गंमत अशी की ग्वाटेमाला वेलदोड्याच्या निर्यातीत जगात अग्रेसर आहे, पण तिथल्या स्वयंपाकात वेलची जवळजवळ सापडत नाही. माल प्रामुख्याने अरब देशांकडे जातो.

डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ दोन्हीकडे सोयीचा आहे. अपवाद कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्याचा. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तुलनेने उघडीप असते.

भारतातून थेट विमान कुठेच नाही. अमेरिकेमार्गे गेल्यास केवळ विमान बदलण्यासाठीही तिथला व्हिसा लागतो. वैध अमेरिकी व्हिसा असलेल्या भारतीयांना दोन्ही देशांनी वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवेश दिलेला आहे, पण त्याच्या अटी बदलत असल्याने तिकीट काढण्याआधी वकिलातीकडून खात्री करून घ्यावी.