रूळ बसवायला अ‍ॅक्रिलिक सीलंट: पसंत, पण दोन जागा सोडून

मॉडेल रेल्वेचा रूळ बेसबोर्डवर पक्का करायचा असेल, तर रंगारी भेगा बुजवायला वापरतात ते अ‍ॅक्रिलिक सीलंट बारीक खिळ्यांपेक्षा उजवं आहे. खिळा जरा जास्त ठोकला की स्लीपर (रुळांखालची आडवी पट्टी) मध्यावर दबतो, दोन्ही रूळ आत कलतात आणि १६.५ मिमीचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) तेवढ्याच जागी आवळला जातो. डबा तिथे घसरतो आणि आपण उगाच चाकं तपासत बसतो. पांढरा गोंद स्वस्तात काम करतो, पण खडी बसवताना पाणी शिंपडलं की मऊ पडतो. शिवाय वाळल्यावर कडक होत असल्याने गाडीची घरघर थेट प्लायवूडमध्ये उतरते. सीलंट वाळल्यावरही रबरासारखं लवचिक राहतं.

खरी मेख आहे ती थराच्या जाडीत. रुळाखाली अंथरलेल्या कॉर्कवर मध्यरेषेने एकच बारीक धार सोडायची आणि जुन्या प्लास्टिक कार्डाने इतकी पातळ ओढायची की खालचं कॉर्क आरपार दिसलं पाहिजे. थर जाड झाला तर सीलंट स्लीपरांच्या फटींतून वर येतं, मग खडीला जागाच उरत नाही. पांढरं घेऊ नका, राखाडी किंवा पारदर्शक घ्या. खडीतून डोकावलं तरी खुपत नाही. साय धरायच्या आत, साधारण दहा मिनिटांत, रूळ बसवून डोळा रुळाच्या पातळीला आणून सरळ रेष पाहून घ्यायची. वर वजनं ठेवून २४ तास हात लावायचा नाही. खाली कॉर्कऐवजी फोम असेल तर हवा फक्त कडांनी लागते, तेव्हा ४८ तास धरा.

ओलं सीलंट लगेच पकडत नाही, हा त्याचा मोठा दोष. वळणावर फ्लेक्सी ट्रॅक (हाताने वाकवता येणारा रूळ) सरळ व्हायला बघतो आणि जोडावर कोन पडतो. म्हणून दोन तुकडे सरळ असतानाच जॉइनरला (रूळ जोडणाऱ्या धातूच्या कपचीला) डाग द्या, म्हणजे सोल्डर करा, मग वाकवा, आणि वाळेपर्यंत कडेने टाचण्या रोवून ठेवा.

आता त्या दोन जागा. पॉइंटच्या (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याच्या) सरकत्या पात्यांखाली आणि पात्यांना जोडणाऱ्या पट्टीखाली थेंबही नको. एकदा आत शिरलं की पॉइंट उचलण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरी जागा म्हणजे सुटे होणारे बोर्ड जिथे जुळतात ती कड. तिथे पितळी स्क्रू बोर्डात पिळून रूळ त्यांच्या डोक्यांवर डागावा.

आराखडा बदलला तर पुट्टी लावायची पातळ पट्टी खालून सरकवली की रूळ अख्खा सुटतो. नळी घेताना मात्र नाव नीट वाचा: शेजारीच सिलिकॉन ठेवलेलं असतं आणि त्यावर ना रंग बसतो, ना खडीचा गोंद.